हिंगाचं नाव गुलाब

कातरवाडी नावाच्या गावात एक भोळा मुलगा राहायचा. तसे त्या गावात आणखीही भोळे होते, पण ते गावातच राहिले आणि गावाने त्यांना सांभाळून घेतलं. हा शिकला आणि मुंबईला गेला. त्याचं नाव औदुंबर मुळीक.

औदुंबरची आकडेमोड उत्तम होती. शाळेत मास्तर फळ्यावर गणित लिहून खडू खाली ठेवायच्या आत हा उत्तर सांगायचा. गणितात एक बरं असतं. तिथे जे लिहिलंय तेवढंच म्हणायचं असतं. माणसांच्या बोलण्यात तसं नसतं, हे मात्र औदुंबरला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याने तेही ऐकलं असतं.

वडिलांची, म्हणजे आबांची, पिठाची गिरणी होती. एकदा एक बाई ज्वारीचा डबा ठेवून भाजी आणायला निघाली. जाताना म्हणाली, "डब्यावर जरा लक्ष ठेव रं, औदू." ती परत आली तेव्हा औदुंबर डब्यासमोर मांडी घालून, डब्याकडे टक लावून बसला होता. ज्वारी तशीच होती. गिरणी रिकामी फिरत होती. पण डबा जागचा हलला नव्हता, हे बाईलाही मान्य करावं लागलं.

अशा या औदुंबरला मुंबईत नोकरी लागली. बांद्र्याच्या बाजूला एक उंच काचेची इमारत होती आणि तिच्या बऱ्याच वरच्या मजल्यावर एक इन्व्हेस्टमेंट बँक होती. मुलाखत घ्यायला खुद्द मोठ्या मॅडम होत्या, सबनीस मॅडम. त्यांनी विचारलं, "तुमचा एखादा दोष सांगा."

"मी सांगितलेलं ऐकतो," औदुंबर म्हणाला.

मॅडमना उत्तर फार आवडलं. सांगितलेलं ऐकणारा माणूस त्यांना त्या इमारतीत बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता. त्यांनी त्याला ज्युनिअर ॲनालिस्ट म्हणून ठेवून घेतलं. सहा महिने काम बघायचं, आणि पटलं तर कायम करायचं, असं ठरलं.

गावात एकच गोष्ट सगळ्यांना कळली, की पोरगा बँकेत लागला. शेजारच्या सरूकाकीने लगेच पासबुक आणून दिलं. "येताना भरून आण बाबा, हितलं मशीन सदा बंद असतंय." आबा एसटीपर्यंत सोडायला आले. त्यांच्या भुवयांवर पीठ होतं. ते म्हणाले, "पीठ खाऊन खाऊन आता खोकला जाईना झालाय. तू कायम झालास की गिरणी बंद करतो. तवर सांगत्याल तसं कर. आपलं डोकं मधी घालू नगंस."

औदुंबरने मान हलवली. गिरणी बंद व्हायची तर आपण कायम व्हायला हवं, आणि कायम व्हायचं तर सांगतील तसं करायला हवं. गणित सोपं होतं.

पहिल्या दिवशी तो टिपणीस साहेबांसमोर उभा राहिला आणि पासबुक पुढे केलं. टिपणीस साहेब हे त्याचे वरिष्ठ. वय फार नव्हतं, पण केस मागे हटायला लागले होते, आणि पुढच्या काही महिन्यांत ते आणखी बरेच हटणार होते.

"हे काय?" टिपणीसांनी विचारलं.

"सरूकाकीचं पासबुक, सर."

टिपणीसांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि समजावून सांगितलं. इथे कोणी पैसे ठेवायला येत नाही. ज्याला आपली कंपनी विकायची असते तो इथे येतो. आपण त्याच्या कंपनीची छान पुस्तिका बनवतो, गिऱ्हाईक शोधतो, सौदा जमवून देतो आणि आपला वाटा घेतो.

"म्हणजे बैलबाजारातला दलाल, सर," औदुंबर म्हणाला. त्याला नोकरी कळली याचा खरोखर आनंद झाला होता.

टिपणीस साहेबांनी डोळे मिटले. "सल्लागार म्हणायचं," ते म्हणाले.

त्या वेळी मिरजेच्या अण्णासाहेब कुडचे यांचं काम चालू होतं. अण्णासाहेबांचा हिंगाचा कारखाना होता. आजोबांपासून चालत आलेला, नावाजलेला. पण मुलं अमेरिकेत गेली आणि तिकडेच रमली, म्हणून अण्णासाहेबांनी कारखाना विकायला काढला होता. टिपणीस साहेबांनी त्याच्या पुस्तिकेचा एक कच्चा खर्डा औदुंबरच्या हातात दिला. खर्डा लाल पेनाने भरून गेला होता. या धंद्याची ही रीतच आहे. धाकट्याने लिहायचं, मधल्याने लाल पेनाने खोडायचं, मग धाकट्याने परत लिहायचं, आणि असं करता करता सगळ्यांनी म्हातारं व्हायचं.

"मी लाल पेनानं जे जे केलंय ते सगळं कॉम्प्युटरवर घाल, छाप, आणि मॅडमच्या टेबलावर ठेव," टिपणीस म्हणाले. "मला डेंटिस्टकडे जायचंय. एकसुद्धा खूण सुटता कामा नये."

"एकसुद्धा सुटणार नाही, सर."

सुटली नाही. सबनीस मॅडमनी पुस्तिका उघडली. पहिल्या पानावर सुबक अक्षरांत छापलं होतं, 'भारतातील हिंगाची बाजारपेठ'. त्याच्याखाली तितक्याच सुबक अक्षरांत छापलं होतं, 'हा आकडा कुठून आणला? स्वप्नात आला का?' पुढच्या पानावर रंगीत आलेख होता आणि त्याच्या शेजारी 'भिकार रंग' असं होतं. नफ्यातोट्याच्या पानावर होतं, 'हे मॅडमना कळणार नाही, सोपं करणे'. त्याच्या कोपऱ्यात डेंटिस्टचा फोन नंबर होता. आणि शेवटच्या पानावर एक मांजर होतं. टिपणीस साहेबांना फोनवर बोलता बोलता मांजर काढायची सवय होती. औदुंबरला सगळ्यात जास्त वेळ त्या मांजरालाच लागला होता. मिशा दोन्ही बाजूंना अगदी सारख्या आल्या होत्या.

मॅडमनी टिपणीसांना बोलावलं. टिपणीसांचा अर्धा जबडा बधिर होता.

"टिपणीस," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मला काय काय कळत नाही ते एकदा लिहून द्या. सोपं करून."

बाहेर आल्यावर टिपणीस साहेब जेवढा जबडा हलत होता तेवढ्याने बोलले. "अरे माणसा! माणूस चिडला की काहीही लिहितो, काहीही बोलतो. ते सगळं उतरवायचं असतं का? रागातलं सोडून द्यायचं. शांतपणे सांगितलेलं असेल तेवढंच घ्यायचं. कळलं?"

"कळलं, सर. चुकलंच माझं. पुढच्या वेळी तसंच करतो."

आणि पुढच्या वेळी त्याने तसंच केलं.

पुढच्या वेळी अण्णासाहेब कुडच्यांचा फोन आला. ते गुरुवारी मॅडमना भेटायला येणार होते. टिपणीस साहेब बाहेर होते, म्हणून औदुंबरने फोन घेतला आणि पेन सरसावलं.

"गुरुवारी येतो," अण्णासाहेब म्हणाले. "कारखान्याचे कागद घिऊन येतो. नकाशा बी आणतो."

औदुंबरने लिहिलं.

"आन ऐक!" अण्णासाहेबांचा आवाज एकदम चढला. "मागल्या टायमाला तुमच्या बाईंनी हाटेलात नेलं, तर भातात लसूण निघाला! आमी जैन माणसं. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी लसणाला हात लावला न्हाई. हिंगावर जगल्याली माणसं आमी! परत माझ्या ताटात लसूण दिसला तर तितल्या तितं उठीन आन परत तुमच्या दारात पाय ठिवणार न्हाई! लिवलंस का?"

"हे तुम्ही रागात म्हणताय का शांतपणे, साहेब?" औदुंबरने अदबीने विचारलं.

"रागात न्हाई तर काय आरती म्हणतोय व्हय रं?"

औदुंबरने पेन खाली ठेवलं.

मॅडमना चिठ्ठी गेली. 'गुरुवारी येणार. कागद आणणार. नकाशाही आणणार.' मॅडमना वाटलं, गावाकडचा माणूस आहे, हॉटेलातलं नको, आपलं घरगुती जेवण मागवू. त्यांनी मुद्दाम भाकरी, झुणका आणि लसणीची लालभडक चटणी मागवली. अण्णासाहेबांचं नाक हिंगात घडलेलं होतं. डब्याचं झाकण उघडायच्या आधीच ते उठले. खाली उतरून त्यांनी हातगाडीवाल्याकडून केळी घेतली, मोटारीत बसून खाल्ली आणि मिरजेची वाट धरली. त्यांची समजूत काढायला मॅडमना स्वतः मिरजेला जाऊन, त्यांच्या घरी पाटावर बसून, बिनलसणाचं जेवून यावं लागलं. तेव्हा कुठे काम परत रुळावर आलं.

टिपणीस साहेबांनी डोक्यावरून हात फिरवला. हाताला पूर्वीइतके केस लागले नाहीत. "ग्राहकाची गोष्ट अशी पोटात ठेवतात का रे? ग्राहक कोण, त्याचं काम काय, त्याला काय चालतं, काय चालत नाही, हे सगळ्यांना सांगायचं. लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांग हवं तर, पण सांग!"

"चुकलंच माझं, सर. पुढच्या वेळी तसंच करतो."

आणि पुढच्या वेळी त्याने तसंच केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्ट गच्च भरलेली होती. त्या इमारतीत अशाच धंद्याची आणखी काही ऑफिसं होती आणि सगळे मोबाइलमध्ये बघत उभे होते. दार बंद झालं. औदुंबरने घसा साफ केला.

"नमस्कार. मिरजेचे अण्णासाहेब कुडचे आमचे ग्राहक आहेत. त्यांचा हिंगाचा कारखाना विकायचा आहे. मुलं अमेरिकेत आहेत. त्यांना लसूण चालत नाही."

सगळ्यांच्या माना मोबाइलमधून वर आल्या. मग मागून एक टायवाला म्हणाला, "कुडचे म्हणजे 'च' ला एक मात्रा ना?"

"एकच," औदुंबर म्हणाला. त्याने नंबरही दिला.

दुपारपर्यंत अण्णासाहेबांना तीन निरनिराळ्या सल्लागारांचे फोन गेले. तिघांचंही पहिलं वाक्य एकच होतं. "अण्णासाहेब, आमच्याकडे लसूण अजिबात वापरत नाहीत." अण्णासाहेब माणूस सरळ. सबनीस बाई आपल्या पंगतीला जेवून गेल्यात, आता दुसरीकडे जाणं बरं दिसत नाही, असं म्हणून त्यांनी तिघांनाही वाटेला लावलं. पण टिपणीस साहेबांनी त्या दिवशी तीन वेळा पाणी मागवलं.

"हा धंदा गुपिताचा आहे, मुळीक!" ते दार लावून कुजबुजत ओरडले. "सौदा होईपर्यंत कंपनीचं नाव बाहेर पडता कामा नये. म्हणून तर आपण प्रत्येक कामाला टोपणनाव देतो. हे काम म्हणजे प्रकल्प गुलाब. आजपासून कुडचे हे नाव तोंडातून काढायचं नाही. हिंग म्हणायचं नाही. मिरज म्हणायचं नाही. साक्षात ब्रह्मदेव येऊन विचारायला लागला तरी काय म्हणायचं?"

"मला माहीत नाही."

"शाब्बास."

"चुकलंच होतं माझं, सर. पुढच्या वेळी तसंच करतो."

आणि पुढच्या वेळी त्याने तसंच केलं.

ब्रह्मदेव काही आला नाही. अण्णासाहेब आले. काखेत एक पत्र्याचा डबा होता. दिल्लीचं गिऱ्हाईक लागलं होतं, त्यांना दाखवायला खास ठेवणीतला हिंग त्यांनी आणला होता. बाहेरच्या खोलीत औदुंबर एकटाच होता.

"काय रं मुळीक, बरा हायस का? बाई हायत न्हवं आत? म्हणावं कुडचे आल्यात."

"कोण कुडचे?" औदुंबर म्हणाला.

अण्णासाहेब हसले. पोरगं चेष्टा करतंय असं त्यांना वाटलं. "आरं, अण्णासाहेब कुडचे! मिरजेचा!"

"मिरज कुठे आलं, मला माहीत नाही."

"तू कातरवाडीचा न्हवं? तुझं गाव मिरजंपास्नं अर्ध्या तासावर हाय की रं!"

इथे औदुंबर क्षणभर अडला. स्वतःच्या गावाबद्दल साहेबांनी काही सांगितलं नव्हतं. "कातरवाडी माहीत आहे," तो विचार करून म्हणाला. "त्याच्या पुढचं माहीत नाही."

"आन माझा हिंगाचा कारखाना?"

"हिंग म्हणजे काय ते मला माहीत नाही."

आता मात्र अण्णासाहेबांचा तोल गेला. तीन पिढ्या ज्यावर जगल्या त्याला हा पोरगा ओळख देत नव्हता. "हिंग म्हाईत न्हाई? हे बघ हिंग!" म्हणून त्यांनी डब्याचं झाकण फटकन उघडलं.

ठेवणीतला हिंग होता. खिडक्या न उघडणाऱ्या त्या काचेच्या इमारतीत, थंड हवेच्या नळ्यांतून, तो वास एका दमात शेवटच्या टेबलापर्यंत गेला. कोणी शिंकलं, कोणी खोकलं, कोणाला फोडणीची आठवण होऊन भूक लागली. सबनीस मॅडम नाकाला रुमाल लावून बाहेर धावत आल्या.

"मुळीक! हा वास कसला?"

औदुंबरचे डोळे पाण्याने भरले होते. पण तो डगमगला नाही.

"गुलाबाचा, मॅडम," तो म्हणाला.

अण्णासाहेबांना आत नेऊन ताक पाजण्यात आलं. टोपणनावाची पद्धत समजावून सांगितल्यावर ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. टिपणीस साहेब हसले नाहीत.

"अरे, गुपित बाहेरच्यांसाठी असतं! आपला माणूस समोर येऊन बसला की उठून उभं राहायचं. हसायचं. तो म्हणेल त्याला होय साहेब, बरोबर साहेब म्हणायचं. समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला कधी नाही म्हणायचं नाही. एवढं तरी जमेल?"

"जमेल, सर. चुकलंच माझं. पुढच्या वेळी तसंच करतो."

'पुढच्या वेळी' हे शब्द ऐकून टिपणीस साहेब दाराशी थबकले. का ते त्यांना कळलं नाही. पण आता वेळ नव्हता. दिल्लीचे मल्होत्रा सौद्याला येणार होते, आणि त्यांचा मसाल्याचा पसारा देशभर होता.

सौद्याच्या दिवशी लांबलचक टेबलाच्या एका बाजूला मॅडम, टिपणीस, अण्णासाहेब आणि कागदांची चळत सांभाळायला औदुंबर. दुसऱ्या बाजूला मल्होत्रा आणि त्यांची माणसं. मल्होत्रा देहाने प्रशस्त होते आणि बसले होते नेमके औदुंबरच्या समोरच्या खुर्चीत.

चहा झाला. मल्होत्रांनी एक आकडा सांगितला. त्या आकड्यात कारखान्याची नुसती जागासुद्धा आली नसती. "इससे ज़्यादा इसकी क़ीमत नहीं है," ते म्हणाले.

औदुंबर उठून उभा राहिला. हसला.

"होय साहेब," तो म्हणाला. "बरोबर साहेब."

मल्होत्रांना मराठी बेताचं कळायचं, पण एवढं कळलं. ते खुलले. "मशीनें भी सब पुरानी हैं."

"होय साहेब."

"कबाड़ ही समझिए."

"बरोबर साहेब."

अण्णासाहेबांचा चेहरा असा झाला, जणू ताटात सबंध लसणाचा गड्डा वाढलाय. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं आणि थोडा वेळ थांबू या, असं अत्यंत गोड आवाजात सांगितलं. मॅडमचा आवाज गोड झाला की ऑफिसातली माणसं जिन्याने खाली जायची.

टिपणीस साहेबांनी औदुंबरला दंडाला धरून बाहेर काढलं. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "तो आपला माणूस नाही रे, तो घेणारा आहे! आपण विकणारे! आज हे फसलं तर तुझं कायम होणं तर गेलंच, माझंही काही खरं नाही. आता शेवटचं सांगतो, नीट ऐक. समोरून पहिला आकडा आला की होय म्हणायचं नसतं. कधीच नाही. तोंड वाकडं करायचं. म्हणायचं, एवढ्यात जमणार नाही. कागद गोळा करायचे आणि दाराकडे चालायला लागायचं. मागून हाक येते. येतेच. पहिल्या हाकेला वळायचं नाही. दुसऱ्या हाकेला वळायचं. तू तर खेड्यातला, बैलबाजारात बघितलं नाहीस का हे कधी?"

औदुंबरने बघितलं होतं. आबांबरोबर किती वेळा बघितलं होतं. नोकरीत आल्यापासून पहिल्यांदाच त्याला काहीतरी ओळखीचं ऐकू आलं.

"हे तर येतं, सर," तो म्हणाला. "चुकलंच माझं. आता तसंच करतो."

"तू काही करू नकोस!" टिपणीस म्हणाले. पण ते रागात म्हणाले होते, आणि रागातलं सोडून द्यायचं असतं.

सगळे परत बसले. मल्होत्रा अजून खुशीत होते. ते औदुंबरकडेच बघून बोलत होते, कारण त्या बाजूला समजूतदार माणूस एवढा एकच आहे, अशी त्यांची खात्री झाली होती. त्यांनी मघाचाच आकडा पुन्हा सांगितला.

औदुंबरने तोंड वाकडं केलं. चांगलं दोन्ही बाजूंना वाकडं केलं.

"एवढ्यात जमणार नाही," तो म्हणाला, आणि कागद गोळा करायला लागला. आपले कागद घेतले, मग टेबलावरचे दिल्लीवाल्यांचे घेतले. मल्होत्रांच्या समोरची कातडी फाइल घेतली, आणि तिच्यावर त्यांचा चष्मा होता, तोही आला. सगळा भारा छातीशी धरून तो दाराकडे चालायला लागला.

"अरे भाई, सुनिए!" मल्होत्रा ओरडले.

औदुंबर वळला नाही.

मल्होत्रांच्या कपाळावर आठ्या पडल्या. या कारखान्याच्या मागे आणखी तीन सल्लागार लागलेत, असं त्यांच्याही कानावर आलं होतं. लिफ्टमधून निघालेली बातमी दिल्लीपर्यंत गेली होती. मघापासून होय होय म्हणणारा माणूस जर असा उठून जातो, तर याला नक्की दुसरीकडून मोठी मागणी आलेली आहे. शिवाय चष्म्याशिवाय त्यांना दार कुठे आहे तेही नीट दिसत नव्हतं.

"रुकिए!" म्हणून त्यांनी दुसरी हाक मारली, आणि हाकेबरोबर नवा आकडा सांगितला.

औदुंबर वळला.

आकडा अण्णासाहेबांनी मनात धरलेल्या आकड्याच्याही वर होता. मॅडमच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही, पण त्यांनी टेबलाखाली टिपणीसांच्या पायावर पाय दिला. सौदा झाला. मल्होत्रांना चष्मा परत मिळाला.

जाताना अण्णासाहेब म्हणाले, "बाई, ह्ये पोरगं लई पोचल्यालं हाय बगा. आदी होय होय म्हणून गिऱ्हाइकाला चढवलं, आन मग बरूबर खाली आणलं. मला वळखत न्हाई म्हणालं, तवाच मी वळखलं. ह्येला कायम करा. दुसऱ्या कुणी पळवायच्या आदी करा."

मॅडमनाही ते पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी औदुंबरला केबिनमध्ये बोलावलं. सबनीस मॅडम थोडं बोलायच्या आणि बोललेलं पुन्हा बोलायच्या नाहीत. ऑफिसातली अर्धी शिकवण त्यांनीच टिपणीसांना दिली होती. गिऱ्हाईक उठून चालायला लागलं तर मागे धावायचं नाही, हीही त्यातलीच.

"बसा, औदुंबर. सहा महिने पुरे व्हायची वाट मी बघणार नाही. तुम्हाला आजपासून कायम करते आहे. पगार हा." त्यांनी एक कागद पुढे सरकवला.

औदुंबरने कागदावरचा आकडा बघितला. गिरणी रात्रंदिवस फिरली असती तरी वर्षभरात एवढे आले नसते. त्याला आबांच्या पांढऱ्या भुवया दिसल्या, त्यांचा खोकला ऐकू आला. "होय मॅडम" अगदी जिभेच्या टोकावर आलं.

पण हा पहिलाच आकडा होता.

औदुंबरने तोंड वाकडं केलं. "एवढ्यात जमणार नाही, मॅडम," तो म्हणाला. त्याने टेबलावरचा कागद उचलला, शेजारी मॅडमचे दोन कागद होते तेही उचलले, आणि दाराकडे चालायला लागला.

मॅडम खुर्चीतून अर्धवट उठल्या. अण्णासाहेब म्हणाले ते खरंच होतं तर, कोणीतरी याला पळवलं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी उठून चाललेल्या कोणालाही हाक मारली नव्हती. त्या मुलासाठी त्यांनी पहिल्यांदाच आपला नियम मोडला.

"औदुंबर!" त्या म्हणाल्या.

औदुंबर मनातून खूश झाला. अगदी साहेबांनी सांगितलं होतं तसंच होत होतं. तो वळला नाही. दारापाशी जाऊन थोडा रेंगाळला. दार सावकाश उघडलं. मागे कान दिला. मग दार आणखी सावकाश लावून घेतलं.

बाहेर टिपणीस साहेब पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते. "झालं का रे कायम?"

"पहिली हाक झाली, सर," औदुंबर हळूच म्हणाला.

टिपणीस साहेब मिळेल त्या खुर्चीवर बसले. ती फिरती होती, त्यामुळे बसल्यावर ते थोडे फिरले. मग धावत केबिनमध्ये गेले. पण मॅडमनी हात वर केला. "विषय संपला. असा माणूस आपल्याला परवडायचा नाही." टिपणीस धावत बाहेर आले, तोवर औदुंबर दुसऱ्या हाकेची वाट बघत बऱ्याच लिफ्ट सोडून, शेवटी एका लिफ्टने खाली गेला होता. त्यांनी फोन लावला.

"अरे, परत फिर! मॅडमच्या पाया पड आणि होय म्हण!"

"सर, आता मधेच वळलो तर भाव पडेल," औदुंबर त्यांना समजावत म्हणाला. साहेबांना बैलबाजाराची फारशी माहिती नसणार, असं त्याला वाटलं.

खाली फाटकापाशी तो बराच वेळ थांबला. मग त्याच्या लक्षात आलं, की चालत राहायचं असतं. तो चालत राहिला. चालत स्टँडवर गेला आणि तिथून गावच्या एसटीत बसला.

कातरवाडीला आबा गिरणीतच होते. पोरगा दिसल्याबरोबर त्यांनी पट्टा उतरवला. घरघर थांबली. हात झटकत ते बाहेर आले.

"आलास व्हय? झालास का रं कायम?"

"झाल्यातच जमा, आबा. एक हाक येऊन गेली."

आबांना सगळं समजलं. जन्मात त्यांनी किती बैल असे घेतले आणि विकले होते. पोराच्या पाठीवर त्यांनी पिठाचा हात ठेवला. "मग वळलास न्हाईस न्हवं?"

"नाही, आबा."

"ब्येस केलंस," आबा म्हणाले.

मग औदुंबर गिरणीच्या कट्ट्यावर जाऊन रस्त्याकडे पाठ करून बसला. हाक मागून यायची होती.